पत्ती न घालता

माळ्यावरचा डबा उघडला आणि जुन्या ऑइलचा वास आला. आत माझा फीलर गेज होता, फट मोजायच्या पत्त्यांना गंज चढलेला.

तीसेक वर्षं झाली. मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये होतो. आई गेल्याची तार आली तेव्हा "मशीन थांबवता येत नाही" म्हणत फोरमननं मला दोन दिवस अडवलं. धुळ्याला पोचलो तोवर राखसुद्धा सावडून झाली होती.

परतल्यावर पहिल्याच रविवारी तो मोटरसायकल घेऊन पर्वत पाटियाला आमच्या दारात हजर. इंजिनाच्या कामात माझा हात चांगला, हे त्याला ठाऊक होतं. माझ्या भादरलेल्या डोक्याकडे त्यानं पाहिलंही नाही. "टॅपेट वाजतात. अवाज बिलकुल ना जोईए!"

व्हॉल्व्ह ढकलणारं टॅपेट थोडं वाजायलाच हवं. पत्तीएवढी फट ठेवली नाही, तर तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. मी पत्ती न घालताच स्क्रू आवळला.

"पत्ती नही टाकी?" बायकोनं हळूच विचारलं. मी गेज तसाच डब्यात ठेवून दिला. ती आत गेली आणि तिनं त्याच्यासाठी चहा टाकला.

इंजिन अगदी गुपचूप चालू लागलं. फोरमन खूश.

महिन्याभरात तो मिलच्या रस्त्यावर भर उन्हात बंद गाडी ढकलताना दिसला. त्यानं हात केला. मी सायकलवरूनच म्हणालो, "साहेब, मशीन थांबवता येत नाही."

आज वाईट वाटतं ते त्या इंजिनाचं. बिचाऱ्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं.