गटचर्चेत मिटलेलं उत्तर

“मिटलं, सर!” गंगाधर उभा राहून म्हणाला. “दोनी गटांचं एकमत झालंय.”

मला हायसं वाटलं. मागच्या बाकावर विद्यापीठाची समिती बसली होती. त्या वर्षी नामांतराच्या बंदमुळे निम्मे तास बुडाले होते, आणि समितीला शिक्षणाची गुणवत्ता पाहायची होती. गंगाखेडच्या या कॉलेजात मी तासावर अर्थशास्त्र शिकवायचो आणि बाहेरून एम. ए. करत होतो. कॉलेज पाहिलेला आमच्या घरातला मी पहिलाच. समितीला तास आवडला तरच पुढच्या वर्षी मला ठेवणार होते.

‘गटचर्चा’ ही नवी पद्धत प्राचार्यांनी औरंगाबादच्या शिबिरातून आणली होती. सरांनी सांगायचं नाही. मुलांनी आपसांत बोलून उत्तर शोधायचं. मी विषय दिला, मागणीची लवचिकता. म्हणजे भाव वाढला की गिऱ्हाईक किती मागे सरतं, त्याचं माप. गुळाचा भाव दहा टक्के वाढला, मागणी वीस टक्के घटली. विसाला दहाने भागायचं. उत्तर दोन. एका गटाचं तेच आलं. गंगाधरच्या गटाने भागाकार उलटा केला. त्यांचं आलं अर्धा.

“मग काय ठरलं?”

“सव्वा.”

“सव्वा कुठून आला?”

“त्यांनी पाऊण सोडलं, आमी पाऊण चढलो. अन् सव्वा शुभ असतंय, सर.”

“अरे, पण बरोबर उत्तर दोन आहे.”

मग दोनवाल्या गटाचा माधवच उठला. “सर, आता उकरू नका. लय मुश्किलीनं मिटवलंय. मघा एकमेकाची गचांडी धरायलते.”

समितीचे अध्यक्ष खूश होऊन पुढे आले. “काय सहभाग आहे! प्राचार्य, उत्तर सव्वाच ना?”

प्राचार्य इतिहासाचे. “सव्वाच, सर,” ते म्हणाले आणि माझ्याकडे डोळे वटारले.

माझी नोकरी त्या पाऊणमध्ये अडकली होती.

“दोन, सर,” मी म्हणालो.

अध्यक्षांनी मान डोलावली. “वा! मतभेदालाही वाव आहे. फारच छान.”

मला पुढच्या वर्षी ठेवलं. चाचणीत मात्र अख्ख्या वर्गाने सव्वा लिहिलं. मी सगळ्यांना शून्य दिलं. गंगाधर आणि माधव जोडीने आले. “सर, तुमचं ऱ्हाऊ द्या, आमचं ऱ्हाऊ द्या. निम्मे मार्क द्या.”

पद्धत चांगली आहे. गटचर्चा मी अजूनही घेतो. फक्त उत्तर आधी फळ्यावर लिहितो, आणि कुणाचा हात पोहोचणार नाही इतकं उंच लिहितो.