ऑक्टोपसची तीन हृदयं आणि सुषमाचं स्थळ

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. हे वाक्य मी आमच्या बैठकीत उच्चारलं आणि माझ्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडायला निघालं.

सुषमा माझी धाकटी बहीण. स्थळ नागपूरचं, मुलगा आम्हाला पसंत आणि मुख्य म्हणजे सुषमालाही पसंत (हा चमत्कार आमच्या घरात प्रथमच घडत होता!). अडचण एकच, मुलाचे काका. पोलिसातून निवृत्त झालेले. आमच्या दारावरच्या पाटीकडेसुद्धा ते संशयाने बघत आत आले. आमच्या हिंदी मुलखातली खास खोव्याची, म्हणजे खव्याची, जलेबी समोर ठेवली तरी कोणी बोलेना. शांतता मला सोसत नाही. जगभरची नवलं पाठ करायचा मला नाद होता, त्यातलं एक सोडून दिलं.

"तीन?" काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही मोजून आले काय?"

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आणखी एक खरं सांगितलं की पहिलं पटेल! म्हणालो, "समुद्रघोड्यांमध्ये तर पिल्लांना जन्म नरच देतो." मुलाच्या आईने पदर सावरला. मुलगा पाण्याच्या पेल्यात बघू लागला. बाबा खोकले. तरीही मी बर्फीची ताटली पुढे करत सांगून टाकलं, की ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी असते.

काकांनी उचललेली बर्फी परत ठेवली.

"अच्छा. पोरगी काय करते म्हणे?"

"सिहोऱ्याच्या सरकारी शाळेत शिकवते," बाबा म्हणाले. "रोज बसने जाते."

"हे पण समुद्रातलंच आहे काय?"

झालं! सुषमाचं एम.ए., बाबांची पेन्शन, घर स्वतःचं असणं, काहीच पटेना. काका उठले, चपला घातल्या आणि थेट शेजारच्या तिवारीजींच्या फाटकाशी गेले. मी मागोमाग.

"भाईसाहब, ये लड़का सच बोलता है?"

"लड़का अच्छा है जी," तिवारीजी म्हणाले. "पर कल ही बता रहा था, बंद डिब्बे का शहद बरसों खराब नहीं होता!"

काका परत आले ते दारातच उभे राहिले. "चलो, गाडीची वेळ होऊन राहिली." आतल्या दारात सुषमाचे डोळे भरून आले. मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

निघता निघता मुलाच्या आईने आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "पोरीले स्वयंपाक येते न?"

सुषमा गॅस पेटवायलासुद्धा आईला हाक मारत असे. मी म्हणालो, "येतो म्हणजे काय! रोज तीच करते. तिची पुरणपोळी खाऊन तर बघा!"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग सुषमाकडे. चेहरा एकदम खुलला. "हे कसं खरं वाटून राहिलं! मग मघापासून काहून फेकून राहिले होते बापा?" चपला काढून ते पुन्हा आत येऊन बसले आणि लग्न तिथेच ठरलं.

सुषमा नागपूरला सुखात आहे. स्वयंपाक जावईबापू करतात, आणि फार छान करतात. मी गेलो की काका घरभर ओरडून सांगतात, "थापाड्या आला!" मला उलट उत्तर देता येत नाही, तोंडात जावईबापूंनी लाटलेली पुरणपोळी असते!