कोणालाही आई म्हणणारी मुलगी

दत्तक मूल घरी आलं की पहिलं वर्षभर त्या आईवडिलांच्या सोबतीला जायचं, हे माझं काम. शांती नगरमधल्या त्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा साडेतीन वर्षांची मुलगी धावत येऊन माझ्या पायांना बिलगली आणि "आई" म्हणाली. मागे उभ्या असलेल्या तिच्या नव्या आईने मान वळवली.

मुलगी दोन संस्थांमध्ये वाढलेली. सांभाळणाऱ्या बायका सारख्या बदलत गेल्या, त्यामुळे कडेवर घेईल ती आई, एवढंच तिला ठाऊक. मी सांगितलं, काही महिने हिला भरवणं, आंघोळ, झोपवणं, सगळं तुम्हीच करा, दुसऱ्या कोणी नाही. त्या बाईंनी नोकरी सोडली. सासूबाई रुसल्या, तरी त्यांनी नेम मोडला नाही.

आठव्या महिन्यात भाजी घेताना मुलगी हरवली. तासाभराने पलीकडच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीत सापडली. एका अनोळखी बाईच्या मागे ती गेली होती आणि ती बिचारी बाई तिचं घर शोधत बिल्डिंगी पालथ्या घालत होती.

मी घरी गेले तेव्हा मुलीच्या आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. "ताई, मी रस्त्यात रडत होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि परत त्या बाईचा हात धरला."

वेळ लागतो, मी म्हटलं.

"किती?"



दत्तक पक्कं करणारा कोर्टाचा आदेश अजून व्हायचा होता. तीन आठवड्यांनी त्यांनी मुलीला परत द्यायचं ठरवलं. मी त्यांच्या नवऱ्याला समजवायला गेले. बायको जेवत नाही, झोपत नाही, दोघींपैकी एकीलाच मी सांभाळू शकतो, असं तो खाली बघत म्हणाला. शेवटी तोच तिला सोडून आला.

चौथ्या दिवशी संस्थेतून मला फोन आला. मुलगी कोणाच्याही हातून घास घेत नव्हती. कोणी जवळ आलं की तोंड घट्ट मिटायची आणि दाराकडे बघत बसायची. मी त्या नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "हे हिला सांगू नका. आता कुठे दोन घास खायला लागलीय."

परवा त्या मला बाजारात भेटल्या, खूप वाळल्या होत्या. कशी आहे ती, त्यांनी विचारलं.

"बरी आहे," मी म्हटलं.