जिवंत ठेवलेला शिपाई

आमच्या घराण्यात एक शिपाई होऊन गेला. माझा खापरपणजोबा. उत्रोलीत आमची भातखाचरं आहेत, त्यातच तो राबायचा आणि उरलेलं वर्ष इंग्रजांच्या पलटणीत काढायचा. आवणीला रजा घेऊन यायचा, गुडघाभर चिखलात रोपं लावायचा आणि पुन्हा जायचा. एका वर्षी गेला तो आलाच नाही. कुणी म्हणतं काबूलकडे गेला, कुणी म्हणतं बोटीतून ब्रह्मदेशात. घराण्यातल्या प्रत्येक लग्नात त्याची उंची वीतभर वाढते. मागच्या लग्नात तर एका चुलत भावाने त्याला घोड्यावरही बसवलं. गडी पायी चालत गेला होता, एवढंच खरं आहे.

तो मेल्याचा निरोप कधी आला नाही. खापरपणजीने कुंकू पुसलं नाही. लोक मागे कुजबुजायचे, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. म्हातारी होऊन ती मेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवलं, हातभर चुडा भरला. आहेव गेली म्हणून पितृपंधरवड्यात तिचा म्हाळ, म्हणजे श्राद्ध, नवमीला घालायची रीत पडली. नवरा असताना गेलेल्या बायकांची ती नवमी. आम्ही तिला आहेव नवमी म्हणतो. त्या दिवशी एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. नवरा वारला की ही नवमी बंद होते आणि त्याचा म्हाळ सुरू होतो. आमची काही बंद झाली नाही. बायको आहेव, म्हणजे शिपाई जिवंत. जिवंत माणसाचा म्हाळ कोण घालणार? दीडशेच्या आसपास वर्षं आम्ही त्याला असा जिवंत ठेवला. लहानपणी मला या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा. शाळेत मी ती फुशारकीने सांगायचे.

मग माझा भाऊ हरवला. तो टेम्पो चालवायचा. काही वर्षांपूर्वी सकाळी किकवीला जातो म्हणून निघाला आणि टेम्पो सापडला भाटघर धरणाच्या पाण्याकडेला, चावी तशीच लावलेली. पाण्यात शोधलं, नातेवाइकांकडे शोधलं. काहीच हाती लागलं नाही. गावात जो तो मनातल्या मनात समजला. आमच्या घरात तेवढं कुणी समजायला तयार नव्हतं.

त्या वर्षीपासून आई नवमीला माझ्या वहिनीला, त्याच्या बायकोला, पाटावर बसवू लागली. आळीतल्या बायका यायच्या, तिच्या पाया पडायच्या, "खापरपणजीवानी धीराची हाय," म्हणायच्या. वहिनी मान खाली घालून भात चिवडत बसायची. मी पुण्याहून त्या दिवसासाठी मुद्दाम एसटीने यायचे. मला त्या बायकांचा संताप यायचा, पण आईकडे बघून पानं वाढायला लागायचे.

यंदा नवमीच्या सकाळी आई ओटीचं सामान काढत होती. चुलीपाशी वडे थापता थापता वहिनी सासूला म्हणाली, "आत्या, औंदा मला बसवू नका."

"का गं?"

"घास गिळत न्हाई. समद्या बायका माझ्या कपाळाकडं बघत्यात."

आता भांडण पेटणार, असं मला वाटलं. आईचा स्वभाव काही मऊ नाही. पण तिने तांदूळ डब्यात परत ओतले, नारळ देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि गुरांकडे निघून गेली. त्या दिवशी नवमी झाली नाही.

सर्वपित्री अमावास्येला आईने चुलत्यांना बोलावलं. म्हणाली, "शिपायाचा म्हाळ घालायचा." चुलते चाचरले, पण तिच्यापुढे कुणाचं काय चालणार! खीर, कढी, वडे, गवारीची भाजी असं पान वाढून पडवीच्या पत्र्यावर ठेवलं. कावळा आला आणि लगेच शिवला. इतक्या लगेच की चुलत्यांनी हातच जोडले. आई मात्र तोंडाला पदर लावून हुंदके देऊ लागली. "किती वर्सं उपाशी ठिवला आमी त्याला," ती म्हणत होती. "कौतुकापायी उपाशी ठिवला."

मग ती आत गेली आणि दुसरं पान घेऊन आली. तेही सगळं वाढलेलं, वर दोन वडे जास्त. कुणाचं, ते कुणी विचारलं नाही. चुलत्यांनी तोंड फिरवलं.

वहिनी पुढे झाली आणि तिने आईच्या हातातलं पान धरलं.

"ह्यांचं न्हाई, आत्या."

"अगं, तुझ्यासाठीच करतीया. तूच म्हनलीस न्हवं, बसणार न्हाई म्हणून?"

"म्या बसणार न्हाई म्हनलं. ते गेलं असं कुठं म्हनलं?"

पान दोघींच्या हातात होतं. खीर एका कडेने सांडत होती. आई मटकन उंबऱ्यावर बसली.

"मग म्या काय करू गं?" तिने विचारलं.

असं तिने कुणाला विचारलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. वहिनी पान घेऊन तिच्या शेजारी बसली, आणि इतकी वर्षं एकमेकींपासून लपून रडणाऱ्या त्या दोघी पहिल्यांदा एका जागी रडल्या.