अंतरा बघा आधी

पहिल्यांदा गिटार शिकायला आलेल्या माणसाला कॅपोकाका नाव विचारायचे नाहीत. "म्हणा काहीतरी," म्हणायचे, आणि डोळे मिटून तारांवर त्याचा सूर शोधायचे. नाव चहाच्या वेळी कळलं तरी त्यांचं काही अडत नसे. भोपाळच्या बाग सेवनियातल्या त्यांच्या हॉलमध्ये मीही अशीच बिननावाची दोन ओळी गायले. माझा आवाज जाडा, शाळेत कायम मागच्या रांगेतला. काकांनी गाणं खालच्या पट्टीत उतरवलं आणि म्हणाले, "आवाज छान आहे तुमचा. गाणंच चुकीच्या मजल्यावर राहत होतं." त्या दिवशी कोलार रोडपर्यंत मी स्कूटीवर गात गेले.

"मुखड्यावर भाळू नका, अंतरा बघा आधी," हे त्यांचं पालुपद. गाण्यातली सगळ्यात उंच जागा बहुधा अंतऱ्यात असते. तिथे गळा न ताणता पोचतो का ते बघायचं, मग कुठले कॉर्ड धरायचे ते ठरवायचं. मुखडा काय, सगळ्यांनाच जमतो. एक कॉलेजकुमार ऐटीत म्हणाला, "अंकल, मैं खींच लूंगा." काका म्हणाले, "बेटा, गला है, पानी की मोटर नहीं."

गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा म्हणजे कॅपो. त्यावरूनच त्यांचं नाव पडलेलं, पण शिकवायचे तो सगळ्यात शेवटी, आणि तोही नाइलाजाने. "हा पट्टी फक्त वर नेतो. खाली यायचं तर बोटांना दुसरे कॉर्ड शिकवावे लागतात. आळशी माणूस म्हणूनच दुसऱ्याला वर चढवतो." हे बोलताना त्यांची नजर हमखास स्वयंपाकघराच्या दाराकडे जायची.

का, ते एकदा त्यांनीच सांगितलं. नवं लग्न होतं. काकू नागपूरहून भोपाळला आलेल्या, आणि मंडळाच्या गणपतीत दोघांचं गाणं ठरलेलं. काकांना एकाच पट्टीचे कॉर्ड येत होते आणि कॅपो नवाकोरा होता. तालमीत काकू म्हणाल्या, "जरा खाली घ्या ना." येत नाही, हे कबूल करायची लाज. "होतं गं," म्हणून काकांनी वेळ मारून नेली. भर मांडवात अंतऱ्याला काकूंचा आवाज फाटला, आणि काका मागून खेकसले, "चढव ना!"

तेव्हापासून काकू गायल्या नाहीत. आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवत. "एक गळा बंद केला मी," काका म्हणाले, "आता जेवढे उघडतील तेवढे उघडतो." ते गाणं त्यांनी सगळ्या पट्ट्यांत बसवलं होतं. शिकवणी संपली की आज या पट्टीत, उद्या त्या पट्टीत, हळूच सुरू करायचे. आत मिक्सर लागायचा. काका गिटार खाली ठेवायचे, आणि मला कुठे बघावं ते कळायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. पाहुणे परतल्यावर मी काकूंना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी स्वतःच गिटार माझ्या हातात दिली. "ते गाणं वाजव."

"कुठल्या पट्टीत, काकू? खाली घेऊ?"

"आता खालीच घे. तेव्हाची पट्टी बरोबर होती गं, माझीच होती."

काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "खाली घ्या म्हटलं तो माझा नखरा होता. नवी नवरी, वाटलं, ऐकतात का बघावं. आवाज तर भीतीनं फाटला. पण सगळ्यांसमोर ओरडले ना, त्याचा राग आला मला. म्हटलं, आठ दिवस गाणारच नाही. तर हे असे अपराधी होऊन बसले, की खरं सांगायची हिंमतच नाही झाली माझी. मग ते दुसऱ्यांचे सूर शोधत बसले, अन् मी मिक्सर लावत राहिली."

मी कॉर्ड धरला. काकूंनी मुखडा म्हटला. आवाज थरथरत होता, पण सुरात होता. अंतऱ्यापाशी आलो, तेव्हा त्यांनी तारांवर हात ठेवून मला थांबवलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "हा त्यांना ऐकवायचा होता."