आतल्या खोलीतून आलेले कागद

दादा गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही, मीच ती सगळ्यांना सांगत सुटले. आम्हा दोघा भावाबहिणींचं घर गारखेड्यात, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. महिना उलटला, तरी कुणी भेटायला आलं की मी दार हळूच लावते. आत तो झोपला असेल, असं अजून वाटतं...

दादानं जन्मभर कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळले. माउस हलवणारी माणसं त्याच्या लेखी कच्चं लिंबू. "काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा, मशीन निमूट ऐकतं. माणसं कुठं ऐकतात?" असं म्हणायचा. अर्धांगवायूनं त्याची वाचा नेली, उजवं अंग नेलं, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी ठेवली. मग तो पलंगावरून लॅपटॉपवर एक ओळ टाइप करायचा आणि हॉलमधल्या नव्या वायफाय प्रिंटरमधून कागद यायचा. 'पाणी.' 'कूस बदल.' 'भाजीत मीठ लई झालं.' एवढ्याशासाठी अख्खा कागद! मी चिडायचे, "दादा, कागद जरा जपून वापर." पुढचा कागद यायचा, 'बरं.'

पुढं पुढं एकच मजकूर यायला लागला, 'मला खाली न्या.' जिना अरुंद, दादा अंगानं भरलेला, आणि कुणाचा हात निसटला तर? मी "उद्या बघू" म्हणायचे. त्या खोलीत त्याचा जीव गुदमरत होता, हे मला कळत होतं. भीती जास्त होती, एवढंच.

एका दुपारी खालच्या मजल्यावर शिकवणी घेणारे शेख सर हातात कागद घेऊन दारात उभे राहिले. आमचं इंटरनेट आम्ही दोन्ही घरांत मिळून वापरायचो.

"ताई, हे आमच्या प्रिंटरमधून निघालं. तुमच्याकडचंच ना?"

कागदावर होतं, 'सर, वर या. चार माणसं आणा. बहीण ऐकत नाय.'

दादानं त्याच वायफायवरून आपला हुकूम सरळ त्यांच्या प्रिंटरला धाडला होता. मी संतापले. "घरचं गाऱ्हाणं शेजारी छापतोस? लाज वाटत नाही?" असं आत जाऊन ओरडले. त्याची बोटं सावकाश हलत राहिली. हॉलमधला प्रिंटर घरघरला. सरांनीच कागद उचलून माझ्या हातात दिला.

'तू पण चल. तू पण कोंडली गेलीस.'

मला रडू आवरेना. सर खोलीत शिरले, "चला दादा, हुकूम मिल गया!" म्हणाले. त्यांनी जिन्यातून हाका मारून माणसं जमवली आणि चौघांनी खुर्चीत बसवून त्याला उतरवलं. कोपऱ्यावरच्या टपरीसमोर तो रिक्षा, कुत्री, शाळेतून सुटलेली पोरं बघत बसला. मी शेजारी चहा प्यायले. किती तरी दिवसांनी तो गरम असताना प्यायले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. त्याला शेवटचं खाली नेताना सर आणि इतर माणसं न बोलावता वर आली. कुणाला काही छापून सांगावं लागलं नाही.

दादा सुटला. आता मला अडवणारंही कुणी नाही. संध्याकाळी जिन्यातून सरांची हाक येते, "ताई, चहाला येता ना?" मी "आले, आले" म्हणते... आणि प्रिंटरमध्ये कागद आहेत ना, ते बघून तिथंच बसून राहते.