उन्हात ठेवलेलं डिझेल इंजिन

आमच्या खोलीत दिवसा मोठ्यानं बोलायचं न्हाई. कुनी नियम केला न्हाई, आपोआप झालाय. ह्यांची शिफ्ट रात्रीची, सकाळी येत्यात, जेवत्यात आन तोंडावर टॉवेल टाकून झोपत्यात, मंग मी मिक्सर लावत न्हाई, पोरीला खुळखुळा देत न्हाई, कुकरची शिट्टी व्हायच्या आदी गॅस बारीक करते. शेजारच्या खोल्यांत समद्या लांबच्या मुलखातल्या बाया, त्यांची हिंदी मला पटापट उमगत न्हाई, हसायचं आन आत जायचं. कुरुळीत एवढी मानसं ऱ्हात्यात, कंपन्यांच्या बशी भरभरून जात्यात, आन मी दिवसभरात जे काय बोलते ते हळू आवाजात इंजिनाशी.

इंजिन म्हंजी जत्रेतलं खेळनं न्हवं. रेल्वेचं डिझेल इंजिन, हुबेहूब, फकस्त वीतभर लांब. पोरगी पोटात व्हती तवर मी चाकणला कंपनीत व्हते, गाडीच्या दिव्यांवर स्टिकर लावायच्या लाईनीवर. तिथं एक इंजिनियर व्हते, आमी समद्या त्यांना दादा म्हनायचो. मी काम सोडलं, पुढं त्यांनी बी सोडलं आन वाकडला आपल्या फ्लॅटमधीच असली इंजिनं बनवायला लागले. त्यांचं मशीन प्लास्टिकची तार वितळवतं आन थरावर थर देऊन इंजिनाचा सांगाडा काढतं. त्यांनी ह्यांना फोन केला, तुमच्या मिसेसचा हात स्थिर आहे, घरी बसून रंगवतील का. माझी शाळा आठवीत सुटलेली, इंग्रजी अक्षरं अजून बोट ठेवून वाचते, मला वाटलं आपल्याला कुठलं जमतंय, पन न्हाई म्हनायला बी भ्या वाटलं, म्हनून व्हय म्हनले.

आन जमलं. पॉलिश पेपरनं घासायचं, आस्तर मारायचं, चिकटपट्टी लावून रंगाचा पट्टा काढायचा, बारीक तारेची रेलिंग वाकवून बसवायची. चिकटपट्टी सोडवताना मी श्वास धरते, सुटली आन खालची रेघ सरळ निघाली की मला एकदम मोकळं वाटतं, तेवढा वेळ कशाचं भ्या वाटत न्हाई. चाकं, मोटर दादा नंतर बसवत्यात. वरचा चकाकीचा स्प्रे बी तेच मारत्यात, त्याच्या वासानं पोरगी खोकते म्हनून. गिऱ्हाइकं बी एकेक. कुनाला गावच्या गाडीचा रंग पायजे, कुनाला धुरानं काळं झालेलं छप्पर पायजे.

ह्या वक्ताला एका बाईनं सांगितलेलं. तिचे वडील ड्रायव्हर व्हते, त्यांच्या इंजिनासारखंच इंजिन त्यांच्या वाढदिवसाला द्यायचं व्हतं. खाली निळं, वर सायीसारखं, आन ड्रायव्हरच्या दाराखाली एक पोचा व्हता म्हनं, तो बी पायजे. पोचा कसा काढायचा? मी चमच्याची दांडी गॅसवर तापवली आन हळूच टेकवली. प्लास्टिक मऊ झालं, आत गेलं, बरोब्बर पोचा. दादांना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, "ताई, कमाल केलीत! हे झालं की पुढची दोन इंजिनं पहिल्यापासून तुम्हीच करायची." मला कुनाला तरी सांगावं वाटलं. हे झोपलेले. मी पोरीला सांगितलं, तिनं माझं नाक धरलं.

दसऱ्याला आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, गावाकडनं आल्या. दुसऱ्या दिवशी दादा इंजिन न्यायला येनार व्हते, ते रंगवून तयार, फळीवर सुकत ठेवलेलं. हे गाडी धुवायला खाली गेले, मी पोरीला काखंत मारून गच्चीवर कपडे टाकायला गेले, आन येऊन बघते तर इंजिनाच्या नाकाडावर वल्या हळदीची बोटं, मधी कुंकू, वर झेंडू.

मी पोरीला खाली ठेवलं. "आत्याबाई, ह्याला का लावलं वो?"

"का म्हंजी? गॅसला लावलं, मिक्सरला लावलं, पाना-पकडीला लावलं. ह्यानंच काय घोडं मारलंय?"

"आवं, ते लोकाचं हाय."

"लोकाचं आसंना. हात तुझा लागतो न्हवं? आन इंजान हाय, लोखंडाची चीज, वरसातनं एक दिस..."

"प्लास्टिकचं हाय ते."

त्यांनी झेंडू उचलून घेतला. मंग म्हनाल्या, "आदी सांगायचं की मंग!"

वरचा स्प्रे मारलेला न्हवता, कोरा रंग, त्यानं हळद पिऊन टाकलेली. मी वल्या फडक्यानं पुसलं, पिवळं पसरलं. घाबरून साबन लावला. हळदीला साबन लावला की लाल होतं, हे लहान पोरीला बी ठावं आसतं, मला बी ठावं व्हतं, पन हात डोक्याच्या पुढं पळत व्हता. सायीच्या रंगावर लाल भडक डाग पडला. माझ्या डोळ्यापुढं ती दोन इंजिनं येत व्हती, आन ती न्हाई आली तर ही खोली, हे गप बसनं, एवढंच.

आत्याबाई म्हनाल्या, "उनात टाक. हळद उनानं उडती."

ते खरं हाय. हळदीचं लुगडं आमी उनातच टाकतो. मी इंजिन गच्चीवर नेलं, टाकीवर झाकलेल्या पत्र्यावर, दोन्ही टोकांखाली कपड्याचे चिमटे देऊन ठेवलं, ऑक्टोबरचं ऊन, पत्रा हात लावू देत न्हवता. मला वाटलं चांगलंय, लवकर उडंल. खाली पुरनाचं बघायचं व्हतं, पोरगी रडत व्हती, हे गाडीला हार आना म्हनत व्हते. चमचा गरम केला की प्लास्टिक मऊ पडतं हे मीच केलेलं, माझ्याच हातानं, पन ऊन म्हंजी ऊनच, ते चमच्यासारखं करंल आसं मनातच आलं न्हाई.

जेवनं झाल्यावर वर गेले. डाग खरंच पार फिका झालेला. एक घडीभर मला एवढा आनंद झाला! मंग नीट बघितलं, तर इंजिन मधनं खाली झुकलेलं, केळ्यावानी. दोन्ही टोकं वर, पोट पत्र्याला टेकलेलं. रेलिंगच्या तारा सुटून उभ्या ऱ्हायलेल्या.

ह्यांना दाखवलं. ते म्हनले, "दादांना फोन कर."

"तुमी करा ना."

"काम तुझं, मी काय सांगू?" चिडून न्हवं, सादंच म्हनले. पन मला त्या वक्ताला फार एकटं वाटलं.

मी फोन न्हाई केला. दुसऱ्या दिवशी दादा आले, मी इंजिन ताटात ठेवून पुढं केलं, पावन्याला फराळ द्यावा तसं, काय करावं उमगंना. त्यांनी उलटंपालटं केलं. "ताई, हे काय?"

मी समदं सांगितलं, हळद, साबन, ऊन, एका दमात, मधी थुंकी गिळायला बी थांबले न्हाई. आत्याबाई आतनं म्हनाल्या, "पोरीची चूक न्हाई वो, मीच लावलं व्हतं."

दादांना आधी हसू आलं. मंग ते बराच वेळ त्या पोच्यावर अंगठा फिरवत बसले, तो तसाच व्हता. "वाढदिवस परवा आहे," एवढंच बोलले. च्या घेतला न्हाई. सांगाडा घेऊन गेले, रंगाच्या बाटल्या बी घेऊन गेले, म्हनले, आता घरीच करतो, रात्र काढावी लागेल.

आत्याबाई गावाला गेल्या. फोन वाजला की दादांचा आसंल म्हनून मी पळत जायची, तर ह्यांच्या कंपनीचा नायतर कुठलातरी बँकेचा.

मंग एकदा दादा आले. नवं इंजिन झालं व्हतं, त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला, म्हातारे बाबा दोन्ही हातांत धरून बसलेले. मी फोटोतल्या इंजिनाच्या दाराखाली बघितलं. पोचा न्हवता. त्यांनी एक पिशवी दिली, नुसत्या तारा. "सध्या रेलिंग करून द्या ताई. रंग मी बघतो."

मी पोरीला काखंत आवळली आन म्हनले, "दादा, ती दोन इंजिनं मला द्या की. मी उनात न्हाई ठेवनार. कुनाला हात न्हाई लावू देनार."

त्यांनी खाली बघितलं. "खरं सांगू? आता भीती वाटते मला."

"मला रोजच वाटती," मी म्हनले.

ते हसले न्हाईत. "बघू," म्हनले आन जिना उतरून गेले.

तवापासनं मी रेलिंग करते. तार ठोकळ्यावर वाकवायची, कापायची, डबीत टाकायची. चांगल्या होत्यात. पन कुठल्या इंजिनाची हाय ते ठावं नसतं, मंग तिच्याशी बोलायचं काय? हे झोपलेले आसत्यात. पोरगी डबी हलवते, तारा वाजत्यात, मी पटकन तिचा हात धरते.